क्षयाच्या गोळ्या आणि आपल्या रोजच्या गोळ्या



क्षय म्हटला की आपल्या पिढीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आठवतात. मुंबईत नर्सची नोकरी करताना मीही ती पुष्कळ दिली. आता इलाज बदललाय. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना जो क्षय दाद देत नाही, तो एमडीआर क्षय. त्यावर पूर्वी दीड-दोन वर्षं औषधं चालत. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांचा कोर्स सुचवते : बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन.

औषधं चांगली आहेत, पण आपल्या वयात बीपी, साखर, अ‍ॅसिडिटी यांच्या गोळ्या आधीच चालू असतात. तिकडे मुंबई-ठाण्याला आपल्या कुणा नातेवाइकाला हा इलाज चालू असेल, तर पुढचं त्यांना फोनवर जरूर सांगा.

हृदय : बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्हींमुळे ईसीजीतलं ‘क्यूटी’ हे अंतर वाढू शकतं. ते फार वाढलं तर ठोके बिघडून जिवावर बेततं. लघवी होण्याच्या काही गोळ्यांनी किंवा उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलं की धोका आणखी वाढतो. म्हणून ईसीजी आणि रक्ततपासणी चुकवू नये. चक्कर आली, छातीत धडधडलं तर लगेच कळवावं.

पोट : अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड किंवा लोहाची गोळी मॉक्सिफ्लॉक्सासिनबरोबर घेतली, तर दोन्ही पोटात एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात पुरतं जातच नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिन त्यांच्या चार तास आधी किंवा आठ तास नंतर घ्यावी.

मन आणि सर्दी : लिनेझोलिडबरोबर सर्ट्रालीन, एसिटालोप्राम यांसारख्या उदासीवरच्या गोळ्या किंवा दुखण्यावरची ट्रॅमॅडॉल घेतली, तर थरथर, ताप, घाम, गोंधळ अशी गंभीर अवस्था येऊ शकते. नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने बीपी एकदम चढतं. मुरवलेलं चीज आणि सोया सॉसही बेतानंच.

साखर : इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनमुळे साखर अचानक उतरू शकते. घरी वरचेवर तपासत राहावी.

फिट : फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनमुळे बेडाक्विलिन शरीरातून लवकर निघून जातं. औषध कमी पडलं की जंतू त्यालाही निर्ढावतात, आणि मग हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून मनानं कुठलीही गोळी बंदही करू नका, सुरूही करू नका. उदासीची किंवा फिटची गोळी एकदम सोडणंही घातक असतं. घरातल्या सगळ्या गोळ्या, काढे, व्हिटॅमिनं, अगदी खोकल्याची बाटलीसुद्धा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. कोर्स संपला तरी बेडाक्विलिन कित्येक महिने अंगात राहतं. त्यामुळे नवीन डॉक्टरकडे गेलात, तर आधी हे सांगा आणि मगच प्रिस्क्रिप्शन घ्या.

तब्येतीला जपा.