मुखपृष्ठावर आधी शोधपेटी

2003 मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. त्याचे मुखपृष्ठ नव्याने मांडायचे तर सर्वांत ठळक जागा शोधपेटीला द्यावी, असे माझे मत आहे. कळंबचा वाचक मोबाइलवर आपल्या गावाचे नाव टाकतो, तेव्हा त्याला मांजरेकाठचे, धाराशिव जिल्ह्यातले कळंब हवे असते. पण यवतमाळ जिल्ह्यातही तालुक्याचे कळंब आहेच. सूचनांच्या यादीत नावाखाली एका ओळीचे वर्णन दिसले, तर हा गोंधळ टाइप करतानाच मिटतो. ‘उस्मानाबाद’ असे जुने नाव टाकणाऱ्यालाही पुनर्निर्देशन योग्य लेखावर नेऊन सोडते. विकिपीडियाच्या मांडणीचा इतिहासही याच बाजूचा आहे: 2010 मध्ये शोधपेटी डाव्या पट्टीतून वर आली, पुढे ‘वेक्टर 2022’ या नव्या मांडणीत ती आणखी रुंद झाली आणि सूचनांना चित्रे, वर्णने जोडली गेली.

यावर एक आक्षेप असा की बहुतेक वाचक गूगलवरून थेट लेखावर येतात, मुखपृष्ठ पाहतो कोण? पण शोधपेटी प्रत्येक पानाच्या माथ्यावर असते, त्यामुळे तिथली सुधारणा त्यांच्याही कामी येते. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मुखपृष्ठावरील निवडक लेखांची चौकट म्हणजे विनामोबदला लिहिणाऱ्यांना मिळणारी जवळपास एकमेव दाद. शोधपेटीसाठी ती हटवली तर लिहिणारेच दुरावतील. म्हणून ती काढू नये, शोधपेटीच्या खाली आणावी. मुखपृष्ठ साच्यांनी जोडलेले असल्याने एवढा बदल प्रचालकांना मूळ प्रणालीला हात न लावता करता येतो.