ब्रानचा किल्ला : संहितेने व्यापलेले स्थळ

रुमानियातील ब्रानचा किल्ला जगभर ‘ड्रॅक्युलाचा किल्ला’ म्हणून दाखविला जातो. या ओळखीला इतिहासाचा आधार नाही. नवल असे, की कादंबरीचाही नाही. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’तील (१८९७) किल्ला ट्रान्सिल्व्हेनियाच्या उत्तरेकडील बोर्गो खिंडीजवळ आहे, ब्रान दक्षिण सीमेवर, ब्राशोवपासून जवळ. स्टोकर रुमानियात कधी गेलाच नव्हता. नायकाचे नाव त्याला विल्यम विल्किन्सनच्या १८२० सालच्या ग्रंथात सापडले, आणि लोकसमजुती एमिली जेरार्डच्या १८८५ सालच्या लेखात. जेरार्डबाईंनी रुमानियन म्हणून दिलेला ‘नोस्फेरातू’ हा शब्द त्या रूपात रुमानियन भाषेत आढळत नाही. तेथील लोकांचा शब्द ‘स्त्रिगोय’. परभाषकाने दिलेले नाव मूळ संकल्पनेला कसे झाकून टाकते, हे आपल्याला नवीन नाही. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये ‘वेताळपंचविशी’ इंग्रजीत नेली, तेव्हा कोकण-गोव्यात ग्रामदैवत म्हणून पुजला जाणारा वेताळही ‘व्हँपायर’ झाला.

पंधराव्या शतकातील वालाकियाचा राजा व्लाद त्सेपेश आणि स्टोकरचा उमराव एकच, ही समजूत मॅकनॅली व फ्लोरेस्कू यांच्या १९७२ सालच्या पुस्तकाने दृढ केली. रुमानियात मात्र चाउशेस्कूच्या राजवटीने १९७६ मध्ये व्लादची पाचशेवी पुण्यतिथी राष्ट्रपुरुषाची म्हणून साजरी केली. कादंबरीचा रुमानियन अनुवाद पुस्तकरूपाने १९९० मध्ये आला. म्हणजे ज्यांच्या भूमीविषयी ती लिहिली गेली, त्यांच्या हाती ती पुस्तकरूपाने जवळजवळ शतकाने पडली. पर्यटक मात्र ती वाचून, निदान चित्रपटातून पाहून, आधीच दारात उभा होता.

किल्ल्याच्या पायथ्याशी मुखवटे आणि सुळे विकणारी दुकाने आहेत. आत गेल्यावर दिसते ते वेगळेच: अरुंद जिने, पांढऱ्या भिंती आणि राणी मारीचे नेटके सामान. १३७७ च्या सनदेने हंगेरीच्या राजाकडून ब्राशोवच्या सॅक्सन नागरिकांना हा किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली. खिंडीचे रक्षण आणि जकात हे त्याचे काम. १९२० मध्ये ब्राशोव नगराने तो राणीला भेट दिला. मारी ही व्हिक्टोरिया राणीची नात, स्वतः लेखिका. १९३८ मध्ये ती वारली. तिच्या इच्छेनुसार हृदय वेगळे काढून काळ्या समुद्राकाठच्या बाल्चिक येथे ठेवण्यात आले. १९४० मध्ये तो प्रदेश बल्गेरियाकडे गेला, तेव्हा ते हृदय ब्रानला आणले गेले. तिची कन्या इलेआना हिने महायुद्धकाळात येथे ‘राणीचे हृदय’ या नावाने रुग्णालय चालविले. १९४८ मध्ये साम्यवादी सरकारने किल्ला ताब्यात घेतला. २००६ मध्ये इलेआनाच्या मुलांना तो परत मिळाला.

एका मृत राणीचे हृदय सीमा बदलताच देशांतर करते, ही हकीकत कोणत्याही रक्तपिपासू उमरावाच्या कथेइतकीच विलक्षण आहे, शिवाय खरी आहे. तरी तिकीटखिडकीवर रांग लागते ती ड्रॅक्युलासाठी. ते हृदय आता ब्रानमध्ये नाही. १९७१ मध्ये ते बुखारेस्टच्या संग्रहालयात गेले आणि २०१५ मध्ये सिनाया येथील पेलिशोर राजवाड्यात, राणी जेथे वारली तेथे, ठेवण्यात आले.