नाडीचा काटा : कोणता घ्यावा, कोणासाठी घ्यावा

व्यापारी माणूस वजनकाटा खरेदी करताना त्याची चकाकी पाहत नाही. काटा किती वजन पेलतो, किती ग्रॅमपर्यंत अचूक आहे, पासिंग झाले आहे की नाही, याची तो आधी चौकशी करतो. सोनाराचा काटा भुसारवाल्याच्या उपयोगाचा नाही आणि भुसारवाल्याचा सोनाराच्या, हे त्याला सांगावे लागत नाही. हाच चोखंदळ गृहस्थ हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राच्या बाबतीत मात्र मुलाने मागवून दिलेले घड्याळ मनगटावर चढवतो आणि पडद्यावर उमटेल तो आकडा प्रमाण मानतो.

आपल्या कवठे महांकाळमध्येही पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या हातांवर आता अशी घड्याळे दिसतात. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या साठीच्या माणसाला तासभर चालायचे असते. तरुण मंडळी रविवारी दंडोबाचा डोंगर चढतात. काहींना साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचे वेध लागलेले असतात. २०१२ साली सुरू झालेल्या या स्पर्धेत यवतेश्वरचा घाट चढून, कासच्या रस्त्याने जाऊन परत यायचे असते. एकूण अंतर २१.१ किलोमीटर. या तिघांची गरज वेगळी असल्याने यंत्रही वेगळे हवे.

यंत्रे मुख्यत्वे दोन प्रकारची. पहिला छातीचा पट्टा. प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयात जो सूक्ष्म विद्युत्संकेत निर्माण होतो, तो हा पट्टा त्वचेवरून टिपतो. ईसीजीचे तत्त्व तेच. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये असे बिनतारी यंत्र खेळाडूंसाठी प्रथम बाजारात आणले. वेग झपाट्याने बदलणाऱ्या व्यायामात आजही याच्याइतके भरवशाचे साधन सामान्य माणसाला उपलब्ध नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली घट्ट बसवावा आणि आतील बाजू पाण्याने ओली करावी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हिवाळ्याच्या पहाटे हे विसरले, तर घाम येईपर्यंत आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

दुसरा प्रकार मनगटी. घड्याळाच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषते आणि प्रत्येक ठोक्यागणिक परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो त्यावरून यंत्र ठोके मोजते. बसून असताना किंवा संथ चालताना चांगल्या घड्याळाचे मोजमाप पुरेसे विश्वासार्ह असते. पण हात जोरात हलू लागले, सायकलीची मूठ घट्ट आवळली, डंबेल्स उचलले किंवा थंडीने हात गारठले की चूक वाढते. काही वेळा तर घड्याळ नाडीऐवजी पावलांचीच लय मोजू लागते. ते मनगटाच्या हाडावर नव्हे, बोटभर वर आणि हलणार नाही इतके घट्ट बांधावे. दागिन्यासारखे सैल घातलेले घड्याळ वेळ तेवढी बरोबर सांगते.

म्हणून माझे मत असे : केवळ चालणाऱ्याने छातीच्या पट्ट्यावर पैसे घालू नयेत; साधे मनगटी यंत्र पुरे. घाटात धावणाऱ्याने मात्र पट्टाच घ्यावा आणि आपल्या फोनशी किंवा घड्याळाशी तो जोडला जातो याची खरेदीपूर्वी खात्री करावी.

यंत्र मिळाले, आता आकड्याचा अर्थ. २२० मधून वय वजा करावे, हा प्रचलित ठोकताळा. पासष्टीच्या गृहस्थासाठी कमाल ठोके १५५ येतात. मध्यम व्यायामासाठी त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे ७८ ते १०८ ठोके. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेले सूत्र वेगळे आहे : वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा करणे. त्याने याच गृहस्थाचा कमाल आकडा १६२ च्या पुढे जातो. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. प्रत्यक्ष व्यक्तीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. आपल्या घरांत रक्तदाबाची किंवा हृदयविकाराची औषधे घेणारी एक तरी व्यक्ती असतेच. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे हृदयाची गती मुद्दामच कमी राखतात. अशा व्यक्तीने सूत्राचा आकडा गाठण्याचा अट्टहास केला, तर ती क्षमतेबाहेर श्रम करील. तिने आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. चालताना बोलता येते का, ही जुनी कसोटी तिला अधिक उपयोगी : बोलता यावे, गाता येऊ नये, इतकाच वेग मध्यम. छातीत जडपणा, घेरी किंवा असह्य धाप जाणवली, तर पडद्यावर कोणताही आकडा असो, थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ठोके अनियमित पडण्याचा विकार असेल, तर घड्याळाचा आकडा सहज फसवा ठरतो. पेसमेकर बसवलेल्यांनी कोणतेही यंत्र घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

चातुर्मासातील उपवासांच्या दिवसांत, विशेषतः पाणीही वर्ज्य असताना, शरीरातील पाणी घटल्याने त्याच चालीला ठोके अधिक पडतात. तो यंत्राचा दोष नव्हे. त्या दिवसांत जोरकस व्यायाम टाळलेला बरा.

नव्या यंत्राचे पासिंग घरीच करता येते. शांत बसून अंगठ्याखाली मनगटाची नाडी तीस सेकंद मोजावी, दुप्पट करावी आणि यंत्राशी ताडून पाहावी. पंधरा सेकंद मोजून चौपट केल्यास एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. २०२०-२१ च्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेल, तर तोही नाडी दाखवतो. त्याच्याशीही पडताळा घ्यावा. मग भरभर चालून आल्यावर लगेच पुन्हा तपासावे. फरक वारंवार दहा ठोक्यांहून अधिक पडत असेल, तर परतीची मुदत संपण्यापूर्वी यंत्र परत करावे. त्यासाठी खरेदीचे पक्के बिल हवे, हे व्यापाऱ्याला मी काय सांगणार!

पट्टा चामड्याचा नको असेल, तर सिलिकॉनचा किंवा नायलॉनचा मिळतो; घामाला टिकतोही तोच. छातीच्या पट्ट्यात बहुधा सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते आणि ती घड्याळजीकडे मिळते. व्यायाम संपल्यावर मात्र पट्ट्यावरचे यंत्र काढून ठेवावे आणि पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. ओल्या पट्ट्याला लागून राहिलेले यंत्र चालूच राहते आणि बॅटरी लवकर संपते.