घोडा वळवताना हात कुठं असावेत?

उजवीकडे वळायचं तर आपण काय करतो? उजवा लगाम मागे खेचतो. मान वळते, पण डावा खांदा बाहेर निसटतो नि घोडा सरळच जात राहतो. मग आपण आणखी ओढतो. तोंडातली लोखंडी कडी टेकते तिथं दात नसतात, नुसती हिरडी असते. ते दुखणं घोडा विसरत नाही.

म्हणून कोपर, मूठ आणि कडी एका रेषेत ठेवू. अंगठे वर. उजवी मूठ मान ओलांडून डावीकडे न्यायची नाही. उजवा लगाम बोटांनीच आवळायचा, घोड्याच्या उजव्या डोळ्याची कड दिसेपर्यंत. डावा थोडा सैल करायचा, सोडायचा मात्र नाही. खांदा तोच सांभाळतो. उजवा पाय तंगापाशी, डावा जरा मागे. अंग पायांनी वळतं. हातांनी फक्त दिशा सांगायची.