वीतभर उंबरा, नऊ फूट उतार

अर्धांगवायूनं दादांचा डावा हात-पाय गेला, तेव्हापासून त्यांची मढीची वारी चुकली होती. आमच्या कडा गावाहून गर्भगिरीचे डोंगर ओलांडले की पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांचा हा गड. शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी नवस बोलला आणि त्यातून किल्ल्यासारखं तटबंदीचं हे देवस्थान उभं राहिलं, असं सांगतात. होळी ते गुढीपाडवा इथं यात्रा भरते; अठरापगड जाती, भटके-विमुक्त आपापल्या मानाच्या काठ्या घेऊन येतात.

आम्ही गर्दी टाळून गेलो. चौघं आणि दादांची व्हीलचेअर.

पायऱ्यांवर खुर्ची पाठमोरी न्यावी लागते. मोठं चाक पायरीला भिडवायचं, खुर्ची मागं कलती करायची आणि एका दमात ओढायची. खालच्यानं चौकट धरायची. फूटरेस्टला हात लावायचा नाही, ती निखळते. ‘हं’ एकानंच म्हणायचं. दोघांनी म्हटलं की चाकं मागं-पुढं होतात आणि बसलेला माणूस घाबरून कठडा शोधतो. थांबलो की आधी ब्रेक.

निम्म्यात दादा म्हणाले, “पोत्यावानी नेऊ नका रं. मला गड दिसंना.”

खरंच, इतका वेळ त्यांना फक्त उतरणारी माणसं दिसत होती. सपाटीला खुर्ची फिरवली, तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

अशा जागी उतार करायचा तर हिशेब कडक आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी, हे सरकारी मार्गदर्शक सूचनांतलं प्रमाण. जुन्या दरवाजाचा वीतभर, म्हणजे नऊ इंचांचा उंबरा धरला तरी नऊ फूट उतार हवा. तो दगडाला भोक न पाडता, उचलून ठेवता येईल असा लाकडी करता येतो. अख्ख्या डोंगराच्या पायऱ्यांना मात्र ते जमणार नाही. तिथं गाडीचा रस्ताच वरपर्यंत हवा. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे. चार दणकट पोरं घरात असणं ही त्यातली अट नाही. ज्याला पोरं नाहीत, त्यानंही नाथांपुढं यावं.

आतल्या उंबऱ्याशी आम्ही पुन्हा खुर्ची उचलायला वाकलो. दादांनी थांबवलं. उजव्या अंगाला झुकून त्यांनी बोटं दगडाला टेकवली, कपाळाला लावली.

“आता उचला,” म्हणाले.