दराच्या एकाच काट्यावर माल जोखू नका

माल कोणाकडून घेता, असे व्यापारी मंडळींना विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ज्याचा दर कमी, त्याच्याकडून. आम्हीही कित्येक वर्षे हेच करीत आलो. सातारा ते सांगली या पट्ट्यातील दुकानांना कापड पुरविताना मीटरमागे 2 रुपये वाचले की आम्हाला धन्य वाटे. एका वर्षी याच मोहाने रमजान ईदची सगळी मागणी आम्ही लांबच्या एका पेढीकडे दिली. माल आला तो ईदनंतर चौथ्या दिवशी. तो लग्नसराईपर्यंत गोदामात पडून राहिला आणि दुकानदारांचा भरवसा गेला तो वेगळाच.

चूक त्या पेढीची होती, तितकीच आमचीही. आम्ही हिशोबात दर धरला, वेळ धरलीच नाही.

अनेक बाजू एकाच वेळी तोलून निर्णय घेण्याचे एक शास्त्र आहे. त्याला बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या मिरज-कुपवाडच्या उद्योजकांना 'व्हेंडर रेटिंग' हा शब्द परिचित असेल. तो याच घरातला. 1966 साली डिक्सन या अभ्यासकाने अमेरिका व कॅनडातील खरेदी अधिकाऱ्यांना विचारून पुरवठादार निवडण्याच्या 23 कसोट्या मांडल्या. त्यात पहिला क्रमांक दर्जाचा आणि दुसरा वेळेवर माल देण्याचा लागला. दर त्यांच्या मागे राहिला.

हिशोब कसा करावा?

समजा, ग्रे कापडासाठी तीन पेढ्या आहेत : लांबची स्वस्त 'अ', जवळची 'ब' आणि उत्तम दर्जाची पण महाग 'क'. प्रथम कसोट्यांना 100 पैकी वजन द्यावे. ईदच्या मालासाठी आम्ही वेळ 30, दर्जा 30, दर 25 व उधारी 15 असे धरू. मग प्रत्येक पेढीला प्रत्येक कसोटीवर 10 पैकी गुण द्यावेत.

अ : वेळ 4, दर्जा 6, दर 9, उधारी 8
ब : वेळ 8, दर्जा 8, दर 7, उधारी 5
क : वेळ 7, दर्जा 9, दर 5, उधारी 6

गुणाला वजनाने गुणून बेरीज केली की 'अ'ला 645, 'ब'ला 730 आणि 'क'ला 695 मिळतात. म्हणजे माल 'ब'कडून घ्यावा.

आता घाई नसलेला साधा माल घ्यायचा आहे असे समजा. वजने बदलून दर 50, दर्जा 20, वेळ 15, उधारी 15 धरली, तर 'अ' 750 गुणांनी पहिला येतो. 'ब'ला 705 आणि 'क'ला 625 मिळतात. पेढ्या त्याच, गुण तेच, निकाल मात्र उलटा. म्हणून वजने दरपत्रक उघडण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावीत. नंतर लिहिली तर मन स्वस्ताकडे झुकते.

वजने ठरविणे जड जात असेल तर थॉमस साटी यांची रीत उपयोगी पडते. त्यांचा जन्म 1926 साली इराकमधील मोसूल येथे झाला. तलम कापडाचे 'मस्लिन' हे इंग्रजी नाव याच शहरावरून पडले असे मानतात. साटींनी 1970 च्या दशकात अमेरिकेत ही रीत मांडली. तीत दोन-दोन कसोट्या समोरासमोर ठेवून कोणती किती पट महत्त्वाची, हे 1 ते 9 अंकांत सांगायचे. चार कसोट्यांच्या सहा जोड्या होतात. वेळ दर्जाच्या दुप्पट आणि दर्जा दराच्या दुप्पट म्हटला, तर वेळ दराच्या चौपट आली पाहिजे. तशी न आल्यास आपल्याच बोलण्यात विसंगती आहे, हे ही रीत दाखवून देते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली : बेरजेत एक मोठा गुण दुसरा दोष झाकतो. म्हणून प्रत्येक कसोटीवर किमान गुण ठरवावेत. वेळेत 5 पेक्षा कमी असेल त्या पेढीचे नाव सणाच्या मालासाठी आधीच काढून टाकावे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले आणि कोल्हापूरजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. तेव्हा पाण्यापलीकडचा स्वस्त माल काय कामाचा? रस्ता हीही एक कसोटीच आहे.

दुसरी : उधारीचे गुण जपून द्यावेत. कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागते. मुदत चुकवून देणे वर्षाखेरीस बाकी राहिले, तर 2023 च्या वित्त कायद्याने आणलेल्या नियमानुसार तो खर्च आयकरात त्या वर्षी धरला जात नाही. लांब उधारी आता पूर्वीइतकी फुकट राहिलेली नाही.

गुण मात्र अंदाजाने देऊ नयेत. मागील वर्षाच्या बिल्ट्या काढाव्यात, कबूल केलेली तारीख आणि माल पोचल्याची तारीख शेजारी लिहावी, डागी निघालेले तागे मोजावेत. आम्ही हे प्रथम केले, तेव्हा वर्षानुवर्षे ज्याला 'महाग' म्हणून टाळले तोच पुरवठादार वहीत वर निघाला.