काळ्या कातळाचा ज्वालामुखी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेण तालुक्यातलं जोहे म्हटलं की गणपतीचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण पेण-रोह्याचे डोंगर, विहीर खणताना लागणारा काळा कातळ, रस्त्यावर अंथरलेली खडी, हे सगळं कधीकाळी तापलेला लाव्हा होतं. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या उद्रेकाची दृश्यं टीव्हीवर दिसली की ‘आपल्याकडेही असं होईल का?’ हा प्रश्न निघतोच. प्रश्न रास्त आहे, फक्त त्याभोवती गैरसमज फार आहेत.

गैरसमज: सह्याद्रीत ज्वालामुखी झोपला आहे, तो कधीही जागा होईल.

वस्तुस्थिती: हा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तो मुख्यतः जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा 933 मीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, पार केल्यावर खालचा ग्रॅनाइट लागला. घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट पाहा. दोन काळ्या थरांच्या मधे कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाला, त्याची झीज होऊन माती तयार झाली आणि मग पुढचा लाव्हा त्यावर आला, याची ती खूण. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते या लाव्हाला उष्णता पुरवणारा स्रोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूखंड त्याच्यापासून हजारो किलोमीटर उत्तरेला सरकला आहे.

गैरसमज: उन्हेऱ्याचं पाणी गरम, म्हणजे खाली लाव्हा उकळतोय.

वस्तुस्थिती: पालीजवळचं उन्हेरे असो की महाडजवळचं सव, इथलं पाणी पावसाचंच आहे. पनवेलपासून दक्षिणेकडे कोकणातले बेसॉल्टचे थर समुद्राकडे कललेले आहेत आणि त्यांना भेगाही पडल्या आहेत. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश सेल्सिअस. भेगांतून खोल मुरलेलं पाणी तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. त्यासाठी लाव्हाची गरज नाही.

गैरसमज: भूकंप झाला, की ज्वालामुखी जवळ आला.

वस्तुस्थिती: 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा आणि 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा, हे दोन्ही भूकंप खडकांतल्या जुन्या भेगा सरकल्याने झाले. कोयनेत जलाशयाच्या पाण्याचाही त्यात वाटा असल्याचं मानलं जातं.

गैरसमज: भारतात जिवंत ज्वालामुखी नाही.

वस्तुस्थिती: आहे. अंदमानातलं निर्मनुष्य बॅरन बेट दीर्घ शांततेनंतर 1991 मध्ये पुन्हा जागं झालं. 23 जानेवारी 2017 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून या बेटाजवळ समुद्रतळाचा गाळ गोळा करत होते. अचानक राख उसळली. जहाज सुमारे मैलभर दूर नेऊन त्यांनी निरीक्षण चालू ठेवलं. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. सूर्य मावळल्यावर विवरातून उडणारी लाव्हाची लाल कारंजी दिसली.

गैरसमज: माणसं लाव्हाने मरतात आणि उद्रेक सांगून येत नाही.

वस्तुस्थिती: लाव्हा बहुधा सावकाश वाहतो. जास्त जीव घेतात ते तापलेल्या राख-वायूचे लोट आणि चिखलाचे लोंढे. 1985 मध्ये कोलंबियातल्या नेवादो देल रुईझच्या उद्रेकाने शिखरावरचा बर्फ वितळला. चिखलाने आर्मेरो शहर गाडलं आणि सुमारे 23 हजार माणसं दगावली. धोक्याचा नकाशा आधीच तयार होता, लोकांना मात्र वेळेत हलवलं गेलं नाही. या घटनेनंतर मॉरिस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच शास्त्रज्ञ दांपत्याने ज्वालामुखीचे धोके दाखवणारी फिल्म केली. 1991 मध्ये फिलिपिन्समधला पिनातुबो धुमसू लागला, तेव्हा ती तिथल्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली गेली. भूकंपाचे धक्के आणि गंधकवायू यांच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी इशारे दिले. हजारो लोक वेळेत हलले आणि 15 जूनच्या महाउद्रेकातून वाचले. क्राफ्ट दांपत्य मात्र 3 जूनलाच जपानच्या उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात मृत्युमुखी पडलं होतं. तिथे एकूण 43 जण गेले.

मग रायगडला धोका कशाचा?

आगीचा नाही, पावसाचा. हाच बेसॉल्ट कोट्यवधी वर्षं झिजला आहे. तीव्र उतारांवर त्याच्या मातीत आणि भेगांत पाणी भरलं की डोंगर सुटतो. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातलं तळिये आणि जुलै 2023 मध्ये खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी अशीच गेली. उतारावर नव्या भेगा पडणं, झाडं-खांब कलणं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं या खुणा ओळखायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. त्या दिसल्या की पाऊस ओसरायची वाट न बघता घर सोडावं, शेजाऱ्यांना सोबत घ्यावं आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवावं. आर्मेरोच्या लोकांना ही संधी मिळाली नाही. आपल्या डोंगराखालच्या वाड्यांना ती मिळायलाच हवी.